पंडिता रमाबाई आणि धर्माचा रकाना

जनगणनेच्या कामासाठी घरोघर हिंडलेल्या शिक्षकबंधूंना एक अनुभव आला असेल. तक्त्यात धर्मासाठी एक रकाना असतो, आणि तो भरताना प्रश्न विचारण्याची फारशी गरज पडत नाही. दारावरची पाटी वाचली की काम भागते. आमच्या उत्तन-डोंगरीच्या बाजूला परेरा, डिमेलो, घोन्साल्विस अशी आडनावे दिसली की प्रगणकाची लेखणी ख्रिस्ती हा शब्द लिहून मोकळी होते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एक टक्क्याच्याही आत भरले. त्या लहानशा आकड्यात प्रस्तुत लेखकही एक आहे. परंतु ख्रिस्ती असणे म्हणजे नेमके काय, हे त्या आकड्यावरून कळत नाही. खरे सांगायचे तर त्या आकड्यात मोजल्या गेलेल्या आम्हांपैकी पुष्कळांवर हा प्रश्न स्वतःला विचारण्याचा प्रसंगच येत नाही.

याचे कारण इतिहासात आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि तिच्यामागोमाग साष्टीचा हा टापूही. पुढल्या काही पिढ्यांत येथील कोळी, भंडारी व शेतकरी कुटुंबांपैकी पुष्कळांनी नवा धर्म घेतला. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत वसई पडली, पोर्तुगीज गेले; धर्म मात्र राहिला. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी मुंबई-साष्टीच्या या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी ईस्ट इंडियन हे नाव धारण केले. गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या धर्मबंधूंपेक्षा आपण वेगळे, हे दाखवून सरकारी व रेल्वेच्या नोकऱ्यांवर आपला हक्क सांगता यावा, असा त्यात एक व्यवहारी हेतू होता. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला त्यात वावगे काही वाटत नाही. तात्पर्य, शेत, होडी, आडनाव आणि धर्म ही चारही आम्हांला वारशाने मिळाली. वारशाने आलेल्या वस्तूची किंमत माणसाला सहसा ठाऊक नसते.

काही दिवसांपूर्वी पदवीच्या वर्गात एकोणिसाव्या शतकातील दुष्काळ हे प्रकरण शिकवीत होतो. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. तिला शेजारच्या कोणी ऐकविले होते की, तिचे पूर्वज पोटासाठी बाटले. हे खरे आहे काय, असे तिने विचारले. चारशे वर्षांपूर्वी कोणाच्या मनात काय होते याचा दाखला माझ्यापाशी नाही, एवढेच मी तिला सांगू शकलो. उत्तर प्रामाणिक होते, पण अपुरे होते. मग मला पंडिता रमाबाईंची आठवण झाली. रमाबाई आमच्या पंथाच्या नव्हत्या. किंबहुना रोमच्या जवळ जाणारे काहीही त्यांना मानवत नसे. परंतु ज्या स्त्रीने धर्माचा रकाना स्वतःच्या हाताने खोडून पुन्हा लिहिला, त्याबद्दल तीन वेगवेगळ्या घरांतून बाहेर पडण्याची पाळी जिच्यावर आली, आणि पोट व धर्म यांचा संबंध जिने स्वतःच्या पोटावर अनुभवला, अशी दुसरी मराठी व्यक्ती शोधून सापडणे कठीण.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित आणि श्रद्धेने सनातनी; पण एका बाबतीत हट्टी. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले, आणि लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या वेळी मांडीवर घेऊन मुलीला शिकविले. पुढे संपत्ती गेली आणि हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणे सांगत हिंडू लागले. मुलाने पोटासाठी दुसरा कोणता उद्योग करावा हे वडिलांना मंजूर नव्हते. दुष्काळाचे दिवस आले तेव्हा जवळ होते नव्हते ते देवापुढे आणि ब्राह्मणभोजनात गेले, कारण संकटावर शास्त्रात तोच उपाय होता. शेवटचा दाणा संपल्यावर हे कुटुंब मरण्याच्या तयारीने तिरुपतीजवळच्या रानात शिरले. अकरा दिवस पाणी, पाला आणि रानटी खजुरांवर काढले. १८७४ मध्ये व त्यानंतरच्या अल्प काळात वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे गेली. उरली सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास.

या दोघांनी पुढे हजारो मैलांची पायपीट केली. दक्षिणेपासून काश्मीरपर्यंत, थंडीत पुरेसे पांघरूण नाही, रात्री कधी वाळूत खड्डा करून त्यात निजायचे. मुद्दा असा की, ज्या वयात इतरांची श्रद्धा घट्ट होते त्या वयात रमाबाईंची श्रद्धा भुकेने तपासली जात होती. व्रते केली, उपास केले, दाने दिली, आणि माणसे मेली. हा हिशेब त्यांच्या मनातून पुढे कधी पुसला गेला नाही. त्यांच्या धर्मांतराची चर्चा करणारे बहुतेक लेखक इंग्लंडपासून आरंभ करतात. ते मला चुकीचे वाटते. आरंभ त्या रानात आहे.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोचली. तेथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी वेदांची प्रत हाती ठेवली. स्त्रियांपुढे त्यांच्या कर्तव्यांवर व्याख्याने द्यावीत म्हणून रमाबाई धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचू लागल्या, तेव्हा त्यांना आढळले की हे ग्रंथ पुष्कळ बाबतींत एकमेकांशी भांडतात. स्त्रिया आणि शूद्र यांना मोक्षाचा सरळ अधिकार नाही, एवढ्याबद्दल मात्र त्यांचे एकमत आहे. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणीपद्धतीने विवाह केला. ब्राह्मणांच्या दृष्टीने मेधावी शूद्र, म्हणजे हा विवाह दुहेरी अपराध. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षाच्या आतच रमाबाई विधवा झाल्या. आसामातील सिल्चरच्या त्या घरात, पतीच्या ग्रंथसंग्रहात, लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली होती. पतीला ते वाचन रुचले नव्हते.

त्या पुण्यास आल्या. १८८२ मध्ये आर्य महिला समाज निघाला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक झाले, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष झाली. स्त्री-शिक्षिका हव्यात, स्त्री-वैद्य हव्यात, पुरुष डॉक्टरपुढे बोलता येत नाही म्हणून बायका मरतात, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. स्वतः वैद्यक शिकावे म्हणून १८८३च्या एप्रिलमध्ये त्या लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला निघाल्या. निघताना आपण धर्म बदलणार नाही असे त्यांनी सांगितले होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथील मठाच्या आश्रयाने मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात अर्थातच हलकल्लोळ उडाला. दिलेला शब्द मोडला, हा आरोप तेव्हाही झाला आणि आजही होतो. तो आरोप वस्तुस्थितीला धरून आहे. मात्र शब्द देताना त्यांचे मन जे होते ते पाच महिन्यांनी तेच राहिले नव्हते, आणि मन बदलल्यावरही जुना शब्द पाळण्यासाठी वरवर हिंदू राहणे त्यांना ढोंग वाटले. त्या गदारोळात जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५च्या आपल्या सत्सारमधून रमाबाईंची बाजू घेतली, ही गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे.

मन बदलण्याला दोन निमित्ते घडली. एक, वाँटेजच्या धर्मभगिनी लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने टाकून दिलेल्या, वाममार्गाला लागलेल्या म्हणून गणल्या गेलेल्या स्त्रियांना सांभाळीत असत. ते काम रमाबाईंनी पाहिले. अशा स्त्रीला दंड सांगणारी शास्त्रे त्यांना ठाऊक होती. तिला मायेने जवळ करून तिचे आयुष्य पुन्हा उभे करणारी माणसे त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. असे का करता, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. दुसरे निमित्त नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लिखाणाचे. काशीचा हा पंडित आधीच ख्रिस्ती झाला होता, आणि त्याचे युक्तिवाद रमाबाईंच्या संस्कृत बुद्धीला पटण्यासारखे होते. हृदय पहिल्या निमित्ताने हलले, बुद्धी दुसऱ्याने. क्रम हाच होता, असे माझे मत आहे.

येथपर्यंतची कथा पुष्कळांना माहीत असते. पुढची मात्र तितकीशी माहीत नसते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच मोलाची आहे. बाप्तिस्मा झाला, आता ही विदुषी इंग्लंडच्या चर्चची आज्ञाधारक लेक होईल, असे मठातल्या मंडळींना वाटले होते. तसे झाले नाही. रमाबाई ज्यांना प्रेमाने आजीबाई म्हणत त्या सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांच्यात झालेला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. तो प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वाचावा. आणि ख्रिस्ती झालेला माणूस परक्यांचा गुलाम होतो असे समजणाऱ्या प्रत्येकाने तर अवश्य वाचावा.

वाद कशाकशावरून झाले? पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याचा सिद्धांत जसा मांडला जातो तसा रमाबाईंना पटेना. अथानासियसच्या नावाने चालणारा मतसंग्रह म्हणण्यास त्यांनी नकार दिला. बिशपांची परंपरा थेट प्रेषितांपासून चालत आली म्हणून बिशप सांगेल ते प्रमाण, हेही त्यांनी मानले नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी मुलग्यांनाही शिकवावे अशी सूचना निघाली, तेव्हा लाहोर व मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. अशाने हिंदुस्थानात त्यांची प्रतिष्ठा जाईल, असे त्यांचे म्हणणे. ज्या स्त्रीने कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिली होती तिला हिंदुस्थानातले लोक काय म्हणतील हे इंग्रज बिशपांनी सांगावे, यातला विनोद रमाबाईंच्या नजरेतून सुटला नाही.

जेवणाचाही प्रश्न झाला. त्या शाकाहारी होत्या आणि अंडे घातलेले पक्वान्न खात नसत. जेराल्डीनबाईंना त्यात ब्राह्मणी अभिमान दिसला; रमाबाईंना त्यात स्वतःची सवय आणि स्वतःच्या लोकांशी असलेले नाते दिसले. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, असाही प्रश्न त्यांनी विचारला. आपल्याला न कळणाऱ्या भाषेत देव अधिक पवित्र होतो काय? तेथे संस्कृत शब्द का नसावेत? येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या देवळांतून मिस्सा लॅटिनमधून चालत असे, आणि ती मराठीतून होऊ लागली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकात. सगळ्या जगाच्या कॅथलिक चर्चला जी गोष्ट समजण्यास तोवर वेळ लागला ती या मराठी बाईने ऐंशी वर्षे आधी पत्रातून विचारली होती.

सर्वांत तीव्र वाद झाला तो मनोरमेवरून. मठाने तिला जे शिकविले त्यातील जे आईला मान्य नाही ते मुलीच्या कानी घालू नये, असा रमाबाईंचा आग्रह होता. मूल माझे आहे, आणि माझ्या सद्सद्विवेकबुद्धीवर मालकी ना पुण्याच्या ब्राह्मणांची, ना वाँटेजच्या मठाची, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत टिकली. वाचकांनी ही भूमिका लक्षात ठेवावी. पुढे हीच फूटपट्टी रमाबाईंच्याच कामाला लावण्याचा प्रसंग येणार आहे.

ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यक शिकण्याचा बेत सुटला. १८८६च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले आणि बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. हिंदुस्थानातील विधवांसाठी शाळा काढावी, दहा वर्षे तिचा खर्च असोसिएशनने द्यावा, आणि शाळेत कोणत्याही धर्माची सक्ती नसावी, असा करार झाला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. सदनात जातीचे आचार पाळण्याची मोकळीक होती आणि जेवण शाकाहारी होते. १८८९ मध्येच मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या, त्यांत रमाबाई होत्या.

१८९३चे प्रकरण येथून उद्भवले. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत. दार उघडे असे. ज्या मुलींना मायेने सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते त्या मुली येऊन बसत. काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाला. केसरीने झोड उठविली, सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर प्रभृतींनी ऑगस्ट १८९३ मध्ये राजीनामे दिले, आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. सुधारकांचे म्हणणे असे की, विधवाशिक्षणाला अनुकूल झालेले लोकमत या प्रकाराने बिघडेल. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणाला बोलावीत नाही. पण माझ्या घरात माझे दार मी का लावू?

या वादात एकाच पक्षाला दोष देणे मला जमत नाही. करारातले एकही कलम रमाबाईंनी मोडले नव्हते. संस्था तटस्थ होती, पण संस्थेची चालक तटस्थ नव्हती आणि तसा आव तिने आणला नाही. शिक्षकाच्या पेशातल्या माणसाला हे चटकन समजावे. वर्गात मी कोणत्याही पक्षाचा प्रचार करीत नाही. तरी ज्या विद्यार्थ्यांचे माझ्यावर प्रेम आहे ते माझ्या मतांकडे झुकतात, हे मला दिसते. आणि ज्या मुलीचे केस कापून तिला अंधाऱ्या खोलीत कोंडले गेले होते, तिच्या बाबतीत प्रेमाचे हे वजन किती पटीने वाढत असेल! रानड्यांना हे वजन दिसत होते, रमाबाईंना ते दिसले नाही किंवा दिसूनही त्यांनी ते मोजले नाही. परंतु रानड्यांच्या बाजूनेही एक प्रश्न उरतोच. त्या मुलींनी प्रार्थनेला बसावे की नाही हे त्यांचे पालक, सल्लागार आणि वृत्तपत्रे अशा सगळ्यांनी मिळून ठरविले. खुद्द मुलींना काय वाटते हे विचारण्याची तसदी फारशा कोणी घेतली नाही. त्यांतील काही तर वयात आलेल्या स्त्रिया होत्या.

शारदा सदनात आलेली पहिली विधवा गोदूबाई. ती रमाबाईंच्या सहवासात शिकली, वाढली, आणि हिंदूच राहिली. १८९३ मध्येच तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. उघड्या दारातून आत जाता येत होते तसे न जाताही राहता येत होते, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

खरी कसोटी आली ती दुष्काळात. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात अन्नाचा दुष्काळ पडला. सरकारी दुष्काळसंहिता १८८०च्या दशकात तयार झाली होती, कामे निघाली होती, अन्नछत्रे होती. पण एकट्या पडलेल्या मुलींना त्या व्यवस्थेत संरक्षण नव्हते. मुकादम आणि दलाल त्यांच्यावर टपलेले असत. रमाबाईंनी ही छत्रे स्वतः हिंडून पाहिली. आपले बालपण त्यांना आठवले असणारच. त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे नियम कडक होते, म्हणून या सगळ्यांची सोय पुण्याहून दूर केडगावला, काही वर्षांपूर्वी घेतलेल्या सुमारे शंभर एकरांच्या जमिनीवर झाली. ही जमीन मुळात फळबागेसाठी घेतलेली. बोस्टनची मदत दहा वर्षांनी थांबली तर सदनाला स्वतःचे उत्पन्न असावे, हा त्यामागचा विचार. देणगीवर चालणाऱ्या संस्थेच्या चालकाने पहिल्या दशकातच असा विचार करावा, हे आजही विरळ आहे.

त्याच १८९७ साली प्लेगच्या इस्पितळात आपल्या एका मुलीची झालेली विटंबना त्यांनी मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात लिहून उघडकीस आणली. मुंबई सरकारने आरोप नाकारले, आणि विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत प्रश्न गेला. ख्रिस्ती होणे म्हणजे सरकारच्या पंगतीला बसणे, असे रमाबाईंना कधीच वाटले नाही.

१८९८ पासून केडगावचे मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था झाले. बोस्टनच्या कराराची मुदत संपली होती. १८९९-१९०० मध्ये गुजरात व राजपुताना होरपळले, तेव्हा तेथूनही मुली आल्या आणि सदनातील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. अंध मुलींसाठी व्यवस्था झाली आणि मनोरमेने त्यांना ब्रेल शिकविले. माग, तेलघाणी, दूधदुभते, शेती, छापखाना असे सारे उद्योग बायकाच चालवीत. ब्राह्मण विधवेपासून भिल्लाच्या पोरीपर्यंत सगळ्या एका पंक्तीला बसत. शारदा सदनातली सोवळ्याची मोकळीक येथे उरली नव्हती.

आणि येथेच ती फूटपट्टी काढावी लागते. मुक्ती सदनातील शेकडो मुलींचा बाप्तिस्मा झाला. त्यांची संमती होती काय? अर्थशास्त्रात आपण व्यवहार दोन्ही पक्षांच्या संमतीने होतो असे धरून चालतो. पण एका पक्षाजवळ भाकरी आहे आणि दुसऱ्याजवळ काहीच नाही, अशा स्थितीत संमती या शब्दाचा अर्थ पातळ होतो. आमच्या पूर्वजांच्या काळीही हा प्रश्न होताच. १५५९ मध्ये पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी गोव्यातील अनाथ हिंदू मुले बाप्तिस्म्यासाठी पाद्र्यांच्या स्वाधीन करण्याचा हुकूमच काढला होता. तेथे संमतीचा प्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती. रमाबाईंच्या मागे कोणतीही तलवार वा हुकूम नव्हता, हा फरक मोठा आहे. तरीही, मनोरमेच्या मनात काय घालावे हे ठरविण्याचा हक्क ज्या आईने मठाविरुद्ध जपला, तिने शेकडो अनाथ मुलींच्या मनाची जबाबदारी मात्र फारसा संकोच न करता स्वतःकडे घेतली. १९०५ मध्ये सदनात प्रार्थनेची जी लाट आली, मुली मोठमोठ्याने रडत, तासन्तास प्रार्थना करीत, तिचे वर्णन वाचताना माझ्यासारखा माणूस अस्वस्थ होतो.

रमाबाईंना हा दोष मान्य झाला नसता. त्यांच्या दृष्टीने अन्न आणि शुभवर्तमान या दोन वेगळ्या वस्तू नव्हत्या. आपल्याला जे मिळाल्याने आपण जगलो ते दुसऱ्याला देताना अर्धे हातचे राखायचे, हे त्यांना कंजूषपणासारखे वाटले असते. मी त्यांच्याशी पूर्णपणे सहमत नाही. पण मध्य प्रांतातल्या त्या छत्रांजवळ दलाल उभे होते, आणि संमतीच्या सूक्ष्म प्रश्नांची चर्चा करणारे आमच्यासारखे विद्वान तेथे पोचले नव्हते, एवढे मला कबूल करावे लागते. त्या विद्यार्थिनीला पुढच्या आठवड्यात मी हेच सांगितले : पोटासाठी बाटले, हे वाक्य बोलणाऱ्याला आधी विचारावे की ते पोट तेव्हा दुसऱ्या कोणी भरले होते काय. आणि हाच प्रश्न भरविणाऱ्यालाही विचारावा की, घास देताना तू मोबदला मागितलास काय.

शेवटची पंधरा-सतरा वर्षे रमाबाईंनी एका कामाला वाहिली. प्रचारात असलेले मराठी बायबल त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे; आपल्या सदनातल्या खेडवळ बायकांना ते समजत नाही, हे त्या रोज पाहत होत्या. म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मुळावरून साध्या मराठीत भाषांतर आरंभिले. संस्कृतात पदव्या मिळविलेल्या पंडितेने संस्कृत शब्द गाळीत बसावे, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. छपाईही केडगावलाच, सदनातल्या स्त्रियांच्या हातून झाली. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. जिच्या मनाच्या स्वातंत्र्यासाठी आजीबाईंशी भांडण मांडले होते ती मुलगी आईच्याच कामात झिजून चाळीसाव्या वर्षी संपली. त्यानंतर रमाबाई आणखी आठ-नऊ महिने जगल्या, आणि त्या काळातही मुद्रिते तपासत राहिल्या. ते काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला. संपूर्ण ग्रंथ बांधून बाहेर पडला तो त्यांच्या मृत्यूनंतर.